रिमॅपनंतर क्लच घसरतोय: हलकं फ्लायव्हील टाकावं का?

प्रश्न थोडक्यात असा: २०१७ ची पोलो जीटी टीडीआय, १.५ डिझेल, मॅन्युअल गिअरबॉक्स, गाडी चाललीये ८२ हजार किलोमीटर. मध्यंतरी रिमॅप केला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवली. ट्यूनरच्या म्हणण्याप्रमाणे टॉर्क, म्हणजे इंजिनचा फिरवण्याचा जोर, २५० एनएमवरून (न्यूटन-मीटर) ३३० वर गेलाय. आता चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये पाय दाबला की आरपीएम वर पळतात आणि गाडी आहे तिथंच. गॅरेजवाला म्हणतो, "ड्युअल मास काढून टाका, हलकं सिंगल मास फ्लायव्हील आणि सहा पॅडचा सिरॅमिक क्लच टाका, कायमची कटकट मिटेल." (फ्लायव्हील म्हणजे इंजिन आणि क्लचच्या मधलं जड चाक. ड्युअल मास म्हणजे ते दोन चकत्यांचं, सिंगल मास म्हणजे एकाच चकतीचं.) गाडी रोज पुण्यात वाकड ते हिंजवडी जाते, एखाद्या रविवारी ताम्हिणी घाटात.

उत्तर आधी देतो, कारणं नंतर. क्लच बदलावा लागेल. थोडा ताकदीचा घ्या, पण ऑरगॅनिकच, म्हणजे रोजच्या गाड्यांत येतो तशा मऊ लायनिंगचाच घ्या. फ्लायव्हील ड्युअल मासच ठेवा. आणि या सगळ्याच्या आधी ट्यूनरला फोन करून खालच्या आरपीएमचा टॉर्क जरा उतरवून घ्या. गिअरबॉक्स उतरवला की क्लच आणि फ्लायव्हील एकदमच हाताशी येतात, म्हणून लोक निर्णयही एकदमच घेऊन टाकतात. पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. क्लच किती ताकदीचा हवा हे इंजिनचा टॉर्क ठरवतो. फ्लायव्हील किती जड हवं हे तुम्ही ट्रॅफिकमध्ये गाडी कशी उचलता त्यावर ठरतं.

आधी क्लच खरंच घसरतोय का आणि का घसरतोय, ते बघा. मोकळ्या सपाट रस्त्यावर, गाडी गरम झाल्यावर, चौथ्या गिअरमध्ये साधारण ५० च्या वेगाने चालवा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. १८०० ते २५०० आरपीएमच्या दरम्यान काटा झटक्यात वर गेला आणि स्पीडोमीटर मागे राहिला, तर क्लच घसरतोय. डिझेल टर्बोचा सगळा जोर याच पट्ट्यात असतो, म्हणून घसरगुंडीही इथंच दिसते. ४००० ला दिसत नाही. ही चाचणी एकदा-दोनदाच करा. दर वेळी प्लेट जळते.

मग गाडी लिफ्टवर घेऊन इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्याखाली बोट फिरवा. तेलाचा ओलावा लागला तर क्रँकचं (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) मागचं ऑइल सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गळतंय. तेल लागलेली प्लेट रिमॅप नसतानाही घसरते, आणि सील तसंच ठेवून महागडा क्लच टाकलात तर तोही घसरेल. हे तपासायचे कष्ट फार कमी जण घेतात. रिमॅपला शिव्या देणं सोपं पडतं.

आता ताकदीचा हिशेब. क्लच किती टॉर्क धरून ठेवू शकतो हे चार गोष्टींवर अवलंबून असतं: प्रेशर प्लेटचा (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणाऱ्या भागाचा) दाब, लायनिंगचं (प्लेटवरच्या घासणाऱ्या थराचं) घर्षण, लायनिंगची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजू किती. एका प्लेटला बाजू दोन. उदाहरणासाठी एक क्लच घेऊ: दाब ६००० न्यूटन, घर्षणांक ०.३, सरासरी त्रिज्या ९४ मिलिमीटर. गुणाकार केला की साधारण ३३८ एनएम येतात. २५० एनएमच्या इंजिनला हे भरपूर झालं. प्रवासी गाड्यांचे क्लच साधारण सव्वा ते दीड पट क्षमता ठेवूनच बनवतात. पण तीच प्लेट घाटात तापली आणि घर्षणांक ०.२५ वर आला की क्षमता २८२ वर घसरते. २५० ला तेही चालतं. ३३० ला नाही. तुमच्या गाडीत नेमकं हेच होतंय: कंपनीने ठेवलेली राखीव क्षमता रिमॅपने खाल्ली, आणि ८२ हजार किलोमीटरची झीज त्यात मिळाली.

याच हिशेबातून उपायही दिसतो. प्लेट तीच ठेवून प्रेशर प्लेटचा दाब २० टक्के वाढवला तर ३३८ चे ४०६ होतात. म्हणजे ३३० च्या वर पुरेशी जागा राहते आणि गाडी उचलताना क्लच पूर्वीसारखाच मऊ पकडतो. बदल्यात पेडल थोडं जड होतं. २० टक्क्यांचा त्रास वाकडच्या सिग्नलला पहिले चार दिवस जाणवेल, मग पाय सरावतो. ५० टक्के जास्त दाबाच्या प्लेटा मात्र रस्त्यावरच्या गाडीत टाकू नयेत. पेडल दाबता तेव्हा तो सगळा जोर रिलीज बेअरिंगमधून क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट वॉशरवर जातो, आणि तो वॉशर बदलायचा म्हणजे इंजिन खोलायचं.

सिरॅमिकचा मोह कशामुळे होतो तेही सांगतो. तांबं-लोखंडाच्या भुकटीपासून बनवलेल्या त्या पॅडचा घर्षणांक सहज ०.४ च्या आसपास असतो, आणि भयंकर तापूनही ते पकड सोडत नाहीत. ट्रॅकवर, रॅलीत, ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅगमध्ये याची किंमत आहे. तिथं क्लच एक तर पूर्ण सुटलेला असतो नाहीतर पूर्ण पकडलेला. हिंजवडीच्या फेज तीनला संध्याकाळी सहा वाजता क्लच या दोन्हींच्या मधेच असतो. आणि ती मधली अवस्था सिरॅमिकला येतच नाही.

असा क्लच टाकलेली एक छोटी पेट्रोल हॅचबॅक माझ्याकडे आली होती, दुसरीकडे काम करून घेतलेली. तक्रार एवढीच की सिग्नलवरून निघताना गाडी उड्या मारते. गिअरबॉक्स उतरवून प्रेशर प्लेट सोडली तेव्हा प्लेटचे सहाही पॅड नव्यासारखे होते. फ्लायव्हीलचा चेहरा मात्र बघवत नव्हता. पॅड जिथून फिरतात त्या पट्ट्यात निळे-जांभळे डाग, डागांच्या मधे केसाएवढ्या बारीक चिरा, आणि पट्ट्याच्या कडेला नखाला अडेल एवढी पायरी. शिवाय प्लेटचा हब स्प्रिंगशिवायचा, सरळ रिव्हेट मारलेला, म्हणजे इंजिनचा प्रत्येक झटका थेट गिअरबॉक्सच्या स्प्लाइनवर (शाफ्टवरच्या खाचांवर). पॅड टिकले खरे, पण सगळी किंमत फ्लायव्हीलने मोजली. मालकाला ऑरगॅनिक प्लेट आणि नवं फ्लायव्हील बसवून दिलं, उड्या बंद झाल्या.

केव्हलर, म्हणजे मजबूत कृत्रिम तंतूंचं लायनिंग, हेही कोणीतरी सुचवेल. पकडायला छान मऊ, टिकायला उत्तम, पण पहिले हजारभर किलोमीटर फार जपावं लागतं आणि एकदा जास्त तापून चकाकी धरली की पूर्वीसारखी होत नाही. रोजच्या घाट-ट्रॅफिकच्या गाडीला मी सुचवत नाही.

फ्लायव्हीलचं काय? आधी तुमच्या डिझेलचं बघू, मग हलक्या फ्लायव्हीलचा खरा उपयोग कुठं आहे ते.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. ८०० आरपीएमच्या आयडलला सेकंदाला सत्तावीसच्या आसपास. प्रत्येक स्फोटाला क्रँक झटकन पुढे जातो आणि पुढच्या कॉम्प्रेशनला मंदावतो. डिझेलमध्ये कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळे हे हिसके पेट्रोलपेक्षा कितीतरी कडक. ड्युअल मास फ्लायव्हीलमध्ये एकाच्या जागी दोन चकत्या असतात, एक इंजिनच्या बाजूची आणि एक गिअरबॉक्सच्या बाजूची, आणि त्यांच्या मधे ग्रीसमध्ये बसवलेल्या लांब वाकड्या स्प्रिंगा. हिसके त्या स्प्रिंगा खातात आणि गिअरबॉक्सला जवळपास एकसारखी फिरकी मिळते. लुक या जर्मन कंपनीने १९८५ मध्ये याचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. आज जोरदार टॉर्कच्या टर्बो डिझेलमध्ये ते जागोजागी सापडतं, त्याला हेच कारण.

ते काढून सिंगल मास टाकलं की हिसके थेट गिअरबॉक्समध्ये जातात. न्यूट्रलला गाडी उभी असताना गिअरच्या मोकळ्या जोड्या एकमेकींवर आपटतात आणि खडखडाट ऐकू येतो. क्लच दाबला की थांबतो. बरेच लोक या आवाजाला बेअरिंग गेलं समजून गिअरबॉक्स खोलून बसतात. १५०० च्या खाली तिसऱ्या गिअरमध्ये ओढलं की डॅशबोर्ड थरथरतो. लांब पल्ल्याच्या स्प्रिंगांची खास प्लेट देणारे सिंगल मास किट मिळतात, आणि कमी टॉर्कच्या गाडीत ते चालूनही जातात. पण तुम्ही टॉर्क वाढवलाय. हिसके वाढवायचे आणि ते शोषणारा भाग काढून टाकायचा, यात मला काही तर्क दिसत नाही. त्यातही हलकं सिंगल मास म्हणजे जो थोडा गुळगुळीतपणा वजनाने मिळाला असता तोही गेला.

ड्युअल मास महाग असतं, हे मान्य. म्हणून तुमचं आधी तपासून घ्या, कदाचित बदलावंही लागणार नाही. गिअरबॉक्स उतरवल्यावर गिअरबॉक्सच्या बाजूची चकती हाताने डावी-उजवीकडे फिरवून बघायची: स्प्रिंगचा ताण लागेपर्यंत किती मोकळी फिरते, आणि पुढे-मागे किती डुलते. या दोन्हींची मर्यादा त्या त्या फ्लायव्हीलच्या पार्ट नंबरप्रमाणे दिलेली असते, अंदाजाने ठरवायची नसते. कडेने ग्रीस बाहेर आलं असेल, चेहऱ्यावर निळे डाग असतील, किंवा गाडी बंद करताना शेवटच्या क्षणी धडधड होत असेल तर ते गेलं. ती धडधड इंजिन बंद होताना आरपीएम खाली येत स्प्रिंगांच्या स्वतःच्या कंपनाच्या टप्प्यातून जातात म्हणून होते. आणि एक: ड्युअल मासला लेथवर फेसिंग मारायला (चेहरा घासून सपाट करायला) कोणी निघाला तर गाडी तिथून बाहेर काढा.

तुमचं फ्लायव्हील टिकावं असं वाटत असेल तर १५०० च्या खाली वरच्या गिअरमध्ये पूर्ण पाय देणं सोडा. रिमॅपनंतरचा तो खालचा 'धक्का' सगळ्यांना फार आवडतो, पण त्याच धक्क्याने या स्प्रिंगा शेवटच्या टोकाला जाऊन आपटतात. म्हणूनच ट्यूनरला फोन करायला सांगितलं. २००० च्या आसपास ३३० ऐवजी ३०० च्या आत ठेवा आणि वरच्या आरपीएमची ताकद तशीच राहू द्या, एवढंच सांगायचं. ओव्हरटेक करताना फरक कळणार नाही. क्लचला मात्र नक्की कळेल.

आता हलकं फ्लायव्हील ज्यांना खरंच उपयोगी आहे त्यांच्यासाठी, कारण हा प्रश्न पेट्रोलवाल्यांकडूनही सारखा येतो. जुन्या सिटी व्हीटेक, चार सिलिंडरच्या जुन्या स्विफ्ट १.२, अशा गाड्या. यांच्यात सिंगल मासच असतं, हिसके कमी असतात, आणि इंजिन वरच्या आरपीएमला खेळायला आवडणारं. हलक्या फ्लायव्हीलने ताकद वाढत नाही. एक एनएमसुद्धा नाही. फक्त फ्लायव्हील स्वतः फिरवण्यात खर्च होणारा टॉर्क वाचतो, आणि तो वाचतो फक्त आरपीएम बदलत असताना.

किती वाचतो? समजा परिघाजवळून, केंद्रापासून सरासरी ११ सेंटीमीटरवरून २ किलो धातू काढला. पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर साधारण साडेचौदा धरलं, तर गाडीला तो फरक सुमारे ६० किलो वजन कमी केल्यासारखा वाटतो. मागच्या सीटवरचा एक माणूस उतरला म्हणा. तिसऱ्या गिअरमध्ये तोच फरक ८ किलोंचा. पाचव्यात ३ किलोंपेक्षा कमी, म्हणजे डिकीतल्या पाण्याच्या बाटल्या. गुणोत्तराचा वर्ग होतो, म्हणून इतका झपाट्याने उतरतो. एक्स्प्रेसवेवर पाचव्यात काही होईल या आशेने पैसे घालू नका. मजा येते ती पहिल्या दोन गिअरमध्ये, आणि त्याहून जास्त गिअर खाली घेताना: टाचेने ॲक्सिलरेटरला टिचकी मारली की आरपीएम लगेच उठतात. घाटात उतरताना हे सुख आहे, नाकारत नाही.

वजन कुठून काढलं हेही वजनाइतकंच महत्त्वाचं. तेच २ किलो केंद्राजवळ ६ सेंटीमीटरवरून काढले तर परिणाम तीस टक्केच उरतो. त्यामुळे विकणारा फक्त किलो सांगत असेल तर अर्धीच माहिती सांगतोय.

आणि ट्रॅफिकची बाजू. जड फ्लायव्हील फिरकीत ऊर्जा साठवून ठेवतं, आजीच्या पायाच्या शिलाई मशीनचं चाक ठेवायचं तशी. क्लच सोडताना गाडीला पहिला ढकल तिथून मिळतो. फ्लायव्हीलची जडता तीस टक्के कमी केली तर तेवढीच ऊर्जा साठवायला १५०० ऐवजी १८०० आरपीएम लागतात. म्हणजे प्रत्येक वेळी निघताना रेस जास्त, हाफ क्लच जास्त वेळ, आणि प्लेट जास्त झिजते. शिवाय फ्लायव्हील हाच क्लचची उष्णता पिणारा भाग. धातू कमी म्हणजे चेहरा लवकर तापतो. मे महिन्यात एसी चालू असताना कॉम्प्रेसर लागला की आयडल झपकन खाली जातं आणि कधी गाडी बंदही पडते. आयडल ५०-१०० आरपीएमने वाढवून हे बरंचसं जमतं. काही गाड्यांत इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) क्रँकच्या गतीतल्या चढउतारांवरून मिसफायर (चुकलेला स्फोट) ओळखतो. हलक्या फ्लायव्हीलने ते चढउतार वाढतात आणि काही बिघाड नसताना पी ०३०० चा कोड येऊन चेक इंजिनचा दिवा लागतो.

म्हणून रोजच्या पेट्रोल गाडीला मूळ वजनाच्या पंधरा-वीस टक्क्यांपर्यंतच हलकं करा. निम्म्यावर आणलेलं फ्लायव्हील ट्रॅकच्या गाडीसाठी. तीन सिलिंडरच्या गाड्यांत तर मी हातच लावत नाही. आयडलला सेकंदाला वीसच स्फोट, आधीच थरथर पुरेशी असते.

इथं एक गोष्ट अगदी ठामपणे सांगायची आहे. मूळ बिडाचं फ्लायव्हील लेथवर घासून हलकं करू नका. आपल्याकडे भोसरीपासून शिरोलीपर्यंत उत्तम लेथ कारागीर आहेत, आणि ते हौसेने, स्वस्तात करूनही देतील. प्रश्न त्यांच्या हाताचा नाही. बीड ताणाला कच्चं असतं, आणि फिरताना धातूवर येणारा ताण आरपीएमच्या वर्गाने वाढतो: ३५०० ला जेवढा असेल त्याच्या चौपट ७००० ला. मागून जाडी कमी केलेलं, भोकं पाडलेलं, त्यात उष्णतेच्या चिरा असलेलं बीड फुटलं तर ॲल्युमिनियमची बेल हाउसिंग (क्लचभोवतीचं आवरण) ते अडवू शकत नाही, आणि त्याच्या जवळच तुमचे पाय असतात. हलकं हवं असेल तर पोलादाच्या अखंड गठ्ठ्यातून किंवा फोर्जिंगमधून बनवलेलंच घ्या, शक्यतो एसएफआय या अमेरिकी सुरक्षा संस्थेच्या १.१ प्रमाणपत्राचं. ॲल्युमिनियमचं घेतलंत तर घासणारा चेहरा बदलता येणाऱ्या पोलादी चकतीचा आहे ना, ते बघा.

बसवण्याचं थोडक्यात. गिअरबॉक्स एकदा उतरतोय तर क्रँकचं मागचं सील, रिलीज बेअरिंग आणि गरज असेल तर स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोहोचवणारा) नवीनच टाका. मजुरी तीच लागते. फ्लायव्हीलचे बोल्ट ताणून बसणारे असतात, एकदाच वापरायचे. फोक्सवॅगनच्या बऱ्याच इंजिनांत ते ६० एनएम आणि वर पाव फेरा असे आवळतात, तरी तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधला आकडा मेकॅनिकसमोर उघडून ठेवा. नवीन फ्लायव्हीलचा चेहरा ब्रेक क्लीनरने पुसा, गंज लागू नये म्हणून लावलेलं तेल त्यावर असतं. प्लेट अलाइनमेंट टूलने मधोमध धरा, प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळा. प्रेशर प्लेट स्वतःहून ॲडजस्ट होणारी असेल तर तिचं खास टूल लागतं. बोल्टनेच खेचून बसवली तर आतली रिंग आधीच फिरून जाते आणि नव्या क्लचचं पेडल पहिल्या दिवसापासून विचित्र लागतं. स्प्लाइनला ग्रीस नखावर मावेल एवढंच. जास्त लावलं तर ते फिरताना उडून प्लेटवर जातं आणि नवा क्लच थरथरत पकडतो.

पेट्रोलवाल्यांनी हलकं फ्लायव्हील मागवताना रिंग गिअरचे दात मूळ स्टार्टरशी जुळतात का, आणि क्रँक सेन्सर फ्लायव्हीलवरच्या दातांवरून वाचत असेल तर ते दात नव्यावर आहेत का, हे आधी विचारा. नाहीतर सगळं जोडल्यावर गाडी सुरूच होणार नाही.

वॉरंटीतल्या गाडीत यातलं काहीही केलंत तर ड्राइव्हट्रेनचा क्लेम विसरायचा. तुमची त्यातून केव्हाच बाहेर आली असेल.

क्लच बसल्यावर पहिले ८०० ते १००० किलोमीटर शहरातच चालवा, ताम्हिणी नको. गिअर जास्त बदला, पूर्ण पाय देऊ नका, हाफ क्लचवर चढाला गाडी धरू नका, हँडब्रेक वापरा. सुरुवातीला हलका वास येईल, दोन-तीन दिवसांत जायला हवा. नाही गेला तर प्लेटला तेल किंवा ग्रीस लागलंय असं धरून मेकॅनिककडे परत जा. एवढं झाल्यावर, ट्यूनरकडून आधीच टाकून घेतलेल्या कमी टॉर्कच्या मॅपवर चौथ्या गिअरची चाचणी एकदाच पुन्हा करा. काटा आणि वेग बरोबर चढले तर पुढच्या रविवारी घाटात जायला हरकत नाही.